रेघ ओढण्याआधी

14 जुलै 2013 च्या रविवारी देशभरातल्या तार कार्यालयांत गर्दी झाली होती. तारसेवा बंद होणार होती आणि आयुष्यातली एक तरी तार करून ठेवावी म्हणून तरुण मुलंही रांगेत उभी होती. नोकरीचा हुकूम, नातवाचा जन्म, थोरल्या माणसाचं जाणं हे सगळं घरोघर पोचवणारी ती सेवा त्या रात्री संपली. तिच्यासाठी इंग्रज सरकारने 1885 मध्ये केलेला कायदा मात्र संपला नाही. दहा वर्षांनी, 2023 च्या दूरसंचार कायद्याने तो रद्द केला, तेव्हाही त्याचा तिसरा भाग एका कामासाठी मुद्दाम जिवंत ठेवण्यात आला. ते काम म्हणजे लोकांच्या जमिनीवरून अतिउच्चदाब वीजवाहिनी नेणं.

हे नीट समजून घेतल्याशिवाय गावोगाव मनोऱ्यांना आणि सबस्टेशनला होणारा विरोध समजत नाही. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 164 सरकारला एक मुभा देतं: पारेषण कंपनीला तारखात्याचे अधिकार बहाल करण्याची. ते एकदा मिळाले, की शेताच्या मालकाची आधी संमती घ्यावी लागत नाही. पॉवर ग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या प्रकरणात डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. मालकाने अडवलं, तर 1885 च्या कायद्याच्या कलम 16 नुसार जिल्हाधिकारी कामाला परवानगी देतात आणि पोलीस बंदोबस्तात पाया खोदला जातो. मोबदला कमी वाटला, तर जिल्हा न्यायाधीशांकडे जायचं. जमीन सरकारजमा होत नाही, सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचंच राहतं. पण शेतात काय उभं राहणार आणि कुठे, हे त्याच्या हातात राहत नाही.

1885 मध्ये तार म्हणजे बांधाकडेला उभा एक खांब आणि त्यावरून गेलेल्या दोन-चार वायरी. आज 400 केव्हीच्या वाहिनीला 46 मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. दोन मनोऱ्यांमध्ये साधारण 400 मीटर अंतर धरलं, तर त्या एका टप्प्याखाली साडेचार एकर जमीन येते. खांबासाठी केलेली तरतूद एवढ्या मोठ्या पट्ट्याला लावायची आणि मग लोक रस्त्यावर उतरले की त्यांना विकासाचे विरोधक म्हणायचं, हा अन्याय आहे. हे लोक रस्त्यावर येतात, कारण त्याआधी त्यांना उभं राहायला कुठे जागाच ठेवलेली नसते.

वाहिनी आखली कशी जाते ते पाहिलं, की हे पटतं. कोणत्या भागात किती वीज लागेल, कोणत्या वाहिनीवर किती भार येईल, याचा अभ्यास दिल्लीत किंवा राज्याच्या पारेषण कंपनीत होतो. आंतरराज्य प्रकल्प असेल तर निविदा निघते, सर्वांत कमी दर देणाऱ्या कंपनीला काम मिळतं आणि मग सर्वेक्षणवाले निघतात. गावकऱ्याला पहिली बातमी कळते ती शेतात कुणीतरी अनोळखी माणूस यंत्र लावून उभा आहे आणि बांधावर खुंटी मारली आहे, या रूपात. 2006 च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेच्या यादीत वीजवाहिन्या नाहीतच. म्हणून खाणीसाठी किंवा मोठ्या महामार्गासाठी होते तशी जनसुनावणी त्यांच्यासाठी होत नाही. जंगलातून जायचं तर वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेची संमती हवी, असा नियम 2009 मध्ये केंद्राने घालून दिला होता. 5 फेब्रुवारी 2013 च्या पत्राने रस्ते, कालवे, पाइपलाइन यांच्याबरोबर वीजवाहिन्यांनाही त्यातून बहुतांशी सूट दिली गेली. राहता राहिली ती पारेषण परवान्यासाठी वर्तमानपत्रात द्यावयाची सूचना आणि तीस दिवसांत हरकत घेण्याची मुदत. त्या बारीक टायपातल्या सूचनेत आपल्या वाडीचं नाव दडलेलं आहे, हे कुठल्या कुळवाड्याला कळणार?

गोव्यातल्या मोलेची गोष्ट या सगळ्याचा धडधडीत दाखला आहे, आणि ती इथे थोडी सविस्तर सांगायला हवी.

भगवान महावीर अभयारण्य आणि त्यातलं मोले राष्ट्रीय उद्यान मिळून साधारण 240 चौरस किलोमीटरचं जंगल आहे. दूधसागर त्यातच कोसळतो. या जंगलातून एकाच वेळी तीन प्रकल्प जाणार होते: कर्नाटकातल्या तिनईघाटकडून कुळ्याकडे येणाऱ्या लोहमार्गाचं दुपदरीकरण, अनमोड घाटातल्या महामार्गाचं चौपदरीकरण आणि धारवाडजवळच्या नरेंद्र उपकेंद्राकडून गोव्यात येणारी 400 केव्हीची वाहिनी. वाहिनीच्या टोकाशी, धारबांदोडा तालुक्यातल्या सांगोड गावात 400/220 केव्हीचं नवं उपकेंद्र. तिन्ही मिळून एकोणसाठ हजारांच्या आसपास झाडं जाणार असा अंदाज होता.

वीजप्रकल्पाचं नाव होतं ‘गोवा-तमनार’. तमनार आहे छत्तीसगडमध्ये, कोळशाच्या मुलखात. नाव ऐकून अनेकांना वाटलं की तमनारच्या कोळशाची वीज थेट गोव्यात येणार. वस्तुस्थिती अशी की केंद्राने दोन वेगवेगळी कामं एकाच निविदेत बांधली होती. छत्तीसगडमधली एक 765 केव्हीची वाहिनी हा एक भाग आणि गोव्याला 400 केव्हीचा आणखी एक पुरवठा हा दुसरा. उपकेंद्राचंही तेच. मूळ आराखड्यात ते शेल्ड्याच्या नावाने होतं, आणि शेल्डे केपे तालुक्यात. प्रत्यक्षात जागा ठरली सांगोडला. कागदावर शेल्डे वाचणाऱ्या सांगोडच्या माणसाने काय समजायचं? नावांच्या अशा गोंधळातून संशय वाढतो आणि संशयाला कोळशाचा वास लागला की मग कोणी कोणाचं ऐकत नाही.

2020 च्या एप्रिलमध्ये देश टाळेबंदीत घरात बसलेला असताना राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची बैठक व्हिडिओ कॉन्फरन्सवर झाली आणि मोलेच्या जंगलातल्या वाहिनीची शिफारस तिथे झाली. रस्त्यावर येऊन बोलायची सोय तेव्हा कोणालाच नव्हती. सांगोडमध्ये उपकेंद्राच्या जागेवरची झाडं पडू लागली. तिथून ‘आमचे मोले’ ही चळवळ वाढली. तिची ठेवण पाहण्यासारखी होती. कोणी एक पुढारी नव्हता. वनस्पतिशास्त्रज्ञ होते, फुलपाखरांचे अभ्यासक होते, वकील होते, चित्रं काढणारी मुलं होती, पर्यटनावर पोट असलेले लोक होते. परवानग्यांच्या फायली मागवून त्यांतलं पर्यावरण अहवालांचं कच्चं काम त्यांनी पानापानातून दाखवलं. नोव्हेंबर 2020 च्या सुरुवातीला चांदर गावात हजारो लोक रात्रभर रेल्वे रुळांवर जमले, मेणबत्त्या आणि घुमट वाद्यं घेऊन. तो विरोध दुपदरीकरणाला होता, पण मोलेच्या तिन्ही प्रकल्पांवरचा राग त्या रात्री एकत्र दिसला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीकडे गेलं. तिचा अहवाल एप्रिल 2021 मध्ये आला आणि तोच या सगळ्या लेखाचा कणा आहे. समितीने तिन्ही प्रकल्पांना एकाच तराजूत तोललं नाही. लोहमार्गाच्या दुपदरीकरणाची गरजच तिला पटली नाही. महामार्गाबद्दल तिने बदल सुचवले. आणि वाहिनीबद्दल? गोव्याला आणखी वीजपुरवठा हवा, हे तिने नाकारलं नाही. पण दाट जंगलाचं छत फोडून नवा पट्टा कशासाठी, असा साधा प्रश्न विचारला. त्याच जंगलातून 220 केव्हीची जुनी वाहिनी आधीच गेलेली आहे, तिच्याच पट्ट्यात नवे मनोरे उभारून जास्त दाबाची वाहिनी न्यावी, अशी शिफारस केली. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिफारस मान्य केली आणि 9 मे 2022 च्या निकालात दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंजुरी रद्द केली.

जुन्या पट्ट्यातून नवी वाहिनी नेणं हे काही अद्भुत तंत्रज्ञान नाही. एकाच मनोऱ्यावर अनेक परिपथ चढवणं ही आपल्या अभियंत्यांच्या रोजच्या हातखंड्यातली गोष्ट आहे. मग ती आधी का सुचली नाही? सुचली असेलही. नवा सरळ पट्टा कामाला सोपा असतो. चालू वाहिनी बंद ठेवून त्याच जागी काम करायचं तर वेळापत्रक बिघडतं, खर्च वाढतो. निविदा जिंकणाऱ्या कंपनीला दर कमी ठेवायचा असतो आणि जंगलाची, कुळागराची, गावाच्या मनाची किंमत त्या दराच्या रकान्यात कुठेच नसते. विरोध करणाऱ्यांनी ती किंमत तिथे भरली. त्यांनी विरोध केला नसता, तर तो पर्याय फायलीत कायमचा पडून राहिला असता.

वाहिनीचा सीमेपलीकडचा टप्पा पुढे कर्नाटकाच्या वनपरवानगीत अडकला आणि त्यात म्हादईच्या पाण्याचा जुना तंटाही मिसळला. तो वेगळा विषय आहे. सांगोडच्या माणसाने काय कमावलं, एवढंच इथे पाहायचं. प्रकल्प थांबवण्यासाठी उठलेल्या लोकांमुळे प्रकल्पाचा मार्ग सुधारला. दोन-तीन वर्षं गेली, न्यायालयाच्या पायऱ्या झिजल्या, माणसं एकमेकांपासून दुरावली. हेच ऐकून घेणं 2017 मध्ये, निविदेआधी झालं असतं, तर कंपनीचा आणि गोव्याचा तो काळ वाचला असता.

आता दुसरी बाजू. विजेची गरज खोटी आहे असं म्हणणारे लोक प्रत्येक आंदोलनात भेटतात आणि बहुतेक वेळा ते चुकतात. 12 ऑक्टोबर 2020 ला, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. कळवा-पडघा पट्ट्यातल्या 400 केव्ही वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि शहराला बाहेरून येणारी वीज तुटली. लोकल जागच्या जागी थांबल्या, लोक रुळांवरून चालत निघाले. ऐन करोनाच्या साथीत रुग्णालयांना जनित्रांवर चालावं लागलं. मुंबईत वीज आणणाऱ्या वाटा पुरेशा नाहीत, हे जाणकार अनेक वर्षं सांगत होते. खारघर-विक्रोळी ही 400 केव्हीची वाहिनी जागेच्या आणि परवानग्यांच्या अडचणींत दीर्घकाळ रखडली होती. ती ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली, तेव्हा शहरात हजार मेगावॉट अधिक वीज आणण्याची सोय झाली. विक्रोळीचं तिचं उपकेंद्र वायुरोधित पद्धतीचं आहे. उघड्या माळावर पसरणारी यंत्रणा बंदिस्त नळ्यांत घालून, मजल्यांवर मजले चढवून ते साडेनऊ हजार चौरस मीटरमध्ये, म्हणजे अडीच एकरांच्या आत बसवलं आहे. उघड्या पद्धतीच्या उपकेंद्राला याच्या कितीतरी पट जागा लागते.

मुंबईचीच आणखी एक वाहिनी या वादात फार बोलकी आहे. पालघर जिल्ह्यातल्या कुडूसपासून गोरेगावच्या आरेपर्यंत सुमारे 80 किलोमीटरची एकदिश प्रवाहाची वाहिनी आखण्यात आली. त्यातले साधारण 30 किलोमीटर मनोऱ्यांवरून आणि 50 किलोमीटर जमिनीखालून. शहराकडे येता येता तारा भूमिगत होतात, आणि वाडा-भिवंडीच्या शेतांत मनोरे उभे राहतात. याला तांत्रिक कारणं आहेत, हे खरं. दाट वस्तीत मनोऱ्याला जागाच नाही. पण शेतकऱ्याला दिसतं ते एवढंच, की जिथे जमीन महाग तिथे तार मातीखाली जाते आणि जिथे जमीन स्वस्त तिथे ती डोक्यावरून जाते. हे त्याचं निरीक्षण चूक म्हणता येईल का?

पण म्हणून सगळीच वाहिनी जमिनीखालून न्या, ही मागणीही प्रत्येक ठिकाणी टिकत नाही. 400 केव्हीच्या भूमिगत केबलचा खर्च मनोऱ्यांच्या अनेक पट असतो. प्रत्यावर्ती प्रवाहाची केबल लांबत गेली की तिची बरीचशी क्षमता केबल भारित ठेवण्यातच खर्च होते. बिघाड झाला तर जागा शोधून, खणून, जोड भरायला दिवस किंवा आठवडे लागतात. जर्मनीने उत्तरेकडच्या वाऱ्याची वीज दक्षिणेत नेणारी सुमारे 700 किलोमीटरची ‘झ्यूडलिंक’ वाहिनी आखली, तेव्हा मनोऱ्यांना बव्हेरियात इतका विरोध झाला की 2015 मध्ये कायद्याने भूमिगत केबलला अग्रक्रम दिला गेला. त्यानंतर शेतकरी उठले, कारण केबलसाठी चर खणल्याने आणि तिच्या उष्णतेने माती बिघडेल अशी त्यांना भीती होती. मूळ मुदत 2022 ची होती, ती आता 2028 च्या अखेरीपर्यंत गेली आहे. भूमिगत हा शब्द उच्चारला की भांडण मिटतं, असं नाही. शाळेजवळून, वस्तीच्या मधून, जुन्या देवराईतून जाणाऱ्या दोन-चार किलोमीटरांसाठी मात्र तो पर्याय मागणं अगदी रास्त आहे, आणि कंपनीने तो हिशेब लोकांसमोर आकड्यांत मांडला पाहिजे.

प्रत्येक सभेत आणखी एक मुद्दा निघतो, तो कर्करोगाचा. 1979 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात झालेल्या एका अभ्यासाने विजेच्या तारांजवळची घरं आणि मुलांमधला कर्करोग यांचा संबंध सुचवला, तेव्हापासून ही भीती जगभर फिरते आहे. पुढे पुष्कळ संशोधन झालं. 0.3 ते 0.4 मायक्रोटेस्लापेक्षा जास्त चुंबकीय क्षेत्रात सतत राहणाऱ्या मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण थोडं जास्त दिसतं, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत आढळलं. पण ते क्षेत्रामुळेच होतं, हे सिद्ध झालेलं नाही आणि शरीरात तसं घडण्याची यंत्रणाही सापडलेली नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2002 मध्ये या क्षेत्रांना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं. सामान्य नागरिकांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा 200 मायक्रोटेस्ला आहे आणि वाहिनीखालचं क्षेत्र तिच्यापेक्षा खूपच खाली असतं. वाहिनीपासून दूर जावं तसं ते झपाट्याने कमी होतं.

आईला हे सांगून तिची काळजी जात नाही, आणि जायलाही नको. घरापासून पुरेसं अंतर ठेवा, मोजमाप करून दाखवा, मोजणारा कंपनीचा नको, ही मागणी तिने केलीच पाहिजे. पण आंदोलनाने सगळा भार आरोग्याच्या भीतीवर टाकला की कंपनीचा तज्ज्ञ येतो, मर्यादेचा आकडा वाचून दाखवतो आणि लोक अडाणी ठरतात. त्यांचा खरा प्रश्न दुसराच असतो. पावसाळ्याच्या रात्री तारांची ती सतत चालणारी गुणगुण. ओल्या कुंपणाच्या तारेला हात लागला की बसणारी झिणझिण. घर विकायला काढलं की गिऱ्हाइकाने वर पाहून परत जाणं. ज्या आंब्याखाली आजोबांनी खाट टाकली तो आंबा तोडायला आलेली माणसं. या गोष्टी सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही, पण त्या ऐकून घ्यायला कायद्यात जागा नाही. म्हणून लोक कर्करोगाचं नाव घेतात. तेवढं एकच नाव साहेबांना ऐकू जातं.

मोबदल्याचं सांगायचं तर गेल्या दहा वर्षांत बरंच पुढे गेलं आहे, हे मान्य करायला हवं. ऑक्टोबर 2015 मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीसाठी जमिनीच्या किमतीच्या 85 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त 15 टक्के अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. जून 2024 मध्ये ती अनुक्रमे 200 आणि 30 टक्के झाली. मार्च 2025 मध्ये शहरी भागांसाठी पट्ट्याचा दर आणखी वाढवून नगरपालिका क्षेत्रात 45 आणि महापालिका-महानगर क्षेत्रात 60 टक्के केला गेला. पण ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत. राज्याने ती स्वीकारायची असतात. आणि टक्केवारी कशाची, हा प्रश्न उरतोच. रेडीरेकनरचा दर आणि बाजारातला दर यांत जमीन-अस्मानाचं अंतर असलेल्या तालुक्यात 30 टक्के म्हणजे हातात काय पडतं, हे शेतकऱ्याला विचारावं.

पट्ट्याखाली भात होतो, ऊस होतो, भाजी होते. पण नारळ, सुपारी, आंबा, काजू होत नाही. 400 केव्हीच्या तारेची जमिनीपासूनची किमान उंची 8.84 मीटर ठरलेली आहे, आणि झाडाचा शेंडा तारेपासून दूरच राहायला हवा. देशावरच्या ज्वारीच्या रानाला आणि गोव्याच्या किंवा सिंधुदुर्गाच्या कुळागराला एकच टक्केवारी लावून कसं चालेल? कुळागर म्हणजे पाट, बांध, वर नारळ, मध्ये सुपारी, तिच्यावर चढलेली मिरवेल आणि खाली केळ असा तीन पिढ्यांनी बसवलेला संसार. त्यातून 46 मीटरचा पट्टा काढला, तर उरलेल्या दोन तुकड्यांत ना सावली राहते, ना पाण्याची वाट. केरळमधल्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितलं होतं की मोबदला ठरवताना जमीन कुठे आहे, तार तिच्यावरून कशी आणि किती जाते, हे पाहावं लागेल. म्हणजे प्रत्येक शेत बघावं लागेल. सरसकट टक्केवारीचा तक्ता हे काम सोपं करतो, पण ते बघणं त्यात सुटतं.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. विजेसाठी जमीन कोण देतो आणि दिवा कोणाच्या घरी लागतो, हा प्रश्न इथे शंभर वर्षांपूर्वी मावळात विचारला गेला. टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधून ते पाणी कोकणात भिऱ्याला सोडायचं आणि तयार होणारी वीज मुंबईला न्यायची, असं ठरवलं. 1921 च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट त्यातून सेनापती बापट झाले. मावळ्यांच्या घोषणेत जान किंवा जमीन होती. सत्याग्रह 1924 पर्यंत चालला, हरला, धरण झालं आणि आजही मुंबईच्या विजेत भिऱ्याचा वाटा आहे. त्या मावळ्यांना कोणी आज विकासविरोधी म्हणत नाही. शाळेच्या पुस्तकात त्यांचा आदराने उल्लेख होतो. मग पट्ट्यात सापडलेल्या आजच्या शेतकऱ्याला तोच आदर का नाही?

हा प्रश्न पुढची काही वर्षं वाढतच जाणार आहे. केंद्राच्या राष्ट्रीय पारेषण आराखड्यानुसार 2022 ते 2032 या दहा वर्षांत 1 लाख 91 हजार सर्किट किलोमीटरपेक्षा जास्त नव्या वाहिन्या टाकायच्या आहेत आणि त्यावर 9 लाख 15 हजार कोटी रुपये खर्च होणार आहेत. राजस्थानचं ऊन आणि कच्छचा वारा शहरांपर्यंत आणायचा तर तारा लागणारच. कोळसा जाळणं कमी व्हावं असं मनापासून वाटणाऱ्या माणसाने या वाहिन्यांना सरसकट नाही म्हणून चालणार नाही. पण जी वाहिनी हवेतला धूर कमी करण्यासाठी येते, तिनेच दाट रान फोडावं आणि गावाला न विचारता शेतात पाय रोवावा, हेही चालणार नाही.

करायचं काय, ते फार अवघड नाही. निविदा निघण्याआधी किमान तीन मार्गांचे आराखडे गट क्रमांकांसह त्या त्या ग्रामपंचायतीत लावावेत. त्यांत एक मार्ग जुन्या वाहिनीच्या पट्ट्यातला असलाच पाहिजे, आणि तो नाकारला तर का नाकारला हे लिहून द्यावं. पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत अतिउच्चदाब वाहिन्या आणि मोठी उपकेंद्रं घालावीत, म्हणजे जनसुनावणी आपोआप लागू होईल. उपकेंद्र वस्तीजवळ येणार असेल तर उघडं की बंदिस्त, याचा दोन्ही खर्चांसह खुलासा व्हावा. बागायतीचा मोबदला झाडाच्या उरलेल्या आयुष्यावर ठरावा. आणि 2023 मध्ये मुद्दाम जपून ठेवलेला तारकायद्याचा तो तिसरा भाग आता खरोखर काढून टाकून, वाहिन्यांसाठी नवा कायदा करावा, ज्यात संमतीचा आणि सुनावणीचा टप्पा सर्वेक्षणाच्या आधी येईल.

महाराष्ट्रात 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरते. त्यातल्या कोणत्याही एका दिवशी पारेषण कंपनीचा अभियंता नकाशा घेऊन येऊन बसू शकतो. त्याने सोबत पेन्सिल आणावी. गावातली म्हातारी माणसं त्याला सांगतील, ओढा कुठून फिरतो, देवराई कुठे संपते, कोणता माळ पडीक आहे आणि कोणत्या गटात परवाच कोणी विहीर खणली आहे.